शून्य जाडीची रेघ

स्टेशन चौकात, जिन्याखालच्या आमच्या दुकानात
प्लॉटर गरम होईस्तोवर
मुजावर चाचा बाकावर बसून असतात.
मांडीवर पत्र्याचं नळकांडं, आत ट्रेसिंगचं कापड,
निळसर, साबणाच्या पाण्यासारखं.
खात्यानं रद्दीत काढलेलं, यांनी घरी नेलेलं.
सांगलीच्या पाटबंधाऱ्यात बत्तीस वर्षं अनुरेखक.
अनुरेखक म्हणजे, ते सांगतात,
दुसऱ्याच्या रेघेवरून
आपला हात न दाखवता जाणं.

स्कॅन केलं. रस्ते आले, देवळं आली,
घाटाच्या पायऱ्या मोजून आल्या.
जागा कमी घेईल म्हणून काळं-पांढरं केलं
आणि कृष्णेच्या काठाकाठानं जाणारी
केसाएवढी पूररेषा
कुठंच नव्हती.
मशीनला करड्याचा निकाल लावायचा होता.
त्यानं पांढरा लावला.

पुन्हा केलं. तीनशेला, सहाशेला, बाराशेला.
वर्डात टाकली तर तुटली,
जेपीजीत धुरकटली,
पीडीएफात पडद्यावर दिसायची
आणि कागदावर यायची नाही,
फोनवर निघालो निघालो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखी.

सेटिंगमध्ये एक चौकट असते:
बारीक रेषा ठळक करा.
मी बरोबरची खूण केली.
सगळ्या रेघा एका अंगाच्या झाल्या,
भिंत काय, कुंपण काय, पूर काय.
खुशीत प्रिंट चाचांच्या हातात दिली.

मोतीबिंदूचा डावा डोळा मिटून
कागद नाकाशी नेला त्यांनी, वास घेतल्यासारखा.
"ह्या नकाशात एक मिलिमीटर म्हंजे
जमिनीवर पाच मीटर, पोरी.
तू जाड केलीस
आणि जाडीत अख्खा बोळ बसला बघ.
त्यातली माणसं आत का भाईर,
सांग आता."

त्या बोळात डावीकडून तिसरं घर आमचं.
हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.
आमच्या भिंतीवरही एक रेघ आहे,
टीव्हीच्या वर चार बोटं.
बाबा दर दिवाळीला डिस्टेंपर मारतात,
संक्रांतीपर्यंत ती परत उमटते,
बारीक, सरळ, पट्टी न लावता काढलेली.
आलेगेले तिच्याखाली बसून चहा पितात.
कोष्ट्यांच्या घरात नाही. त्यांचं जोतं
दोन पायऱ्या उंच.
त्या दोन पायऱ्यांचं
आई अजून बोलते.

मग दुपारभर मी ती हातानं काढली.
चारशे टक्के मोठं करून, खाली स्कॅन ठेवून,
बिंदूला बिंदू लावत, माऊसवर श्वास धरून.
"जाडी शून्य ठेवू नको," चाचा म्हणाले,
"शून्य म्हंजे ज्याला वाटंल तेवढी.
शून्य पूर्णांक एक लिही."
त्यांच्या जुन्या पेनाचं माप.

बोळाशी आल्यावर हात थांबला.
दोन बिंदू अलीकडं सरकवले असते
तर घर बाहेर पडलं असतं.
प्लॉटरला कळलं नसतं, साहेबाला तर नाहीच.
वर पंखा फिरत होता. चाचा डुलक्या घेत होते.
पडद्यावर त्यांची करडी रेघ
आमच्या उंबऱ्यावरून
सरळ गेली होती. काढताना त्यांना ठाऊक होतं का,
तिथं कोण राहतं?

मी तिच्यावरून गेले.

दिवे लागायच्या वेळी प्रिंट निघाली.
"आली का?" चष्मा पुसत विचारलं त्यांनी.
ट्यूबसमोर धरून पाहिली.
"आली."
तरी त्यांनी बोट फिरवून बघितलं,
जसं काही शाई लागते हाताला.

नव्वद झाले. शंभराची नोट दिली,
माझ्याकडं सुट्टे नव्हते.
"राहू दे," म्हणाले,
"घरी अजून एक नळकांडं हाय."